अनवट पोलादाची सुरी: पट्टी घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

सुऱ्या बनवणाऱ्या बहुतेकांची सुरुवात पाट्यापासून होते. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा भंगारवाल्याकडे किलोवर मिळतो, लोहाराच्या हाताला तो सवयीचा असतो आणि कोयता तर त्याचाच करावा. माझ्या पहिल्या चार सुऱ्या पाट्याच्याच होत्या. पुढे माणूस ईएन३१ वर, म्हणजे बेअरिंगच्या पोलादावर येतो. मग ओएचएनएस, म्हणजे तेलात कडक होणारं अवजारांचं पोलाद, जे कुठल्याही टूलरूमच्या रॅकवर पडलेलं असतं. एवढ्या तिघांत अख्खं आयुष्य निघू शकतं. पण कधीतरी ए२, ओ७, १.२५१९, ३व्ही असलं एखादं नाव कानावर येतं आणि हात शिवशिवायला लागतात.

मागच्या वर्षी माझा भाचा श्टुटगार्टहून आला तेव्हा चॉकलेटांच्या खाली टॉवेलात गुंडाळून १.२५१९ या जर्मन पोलादाची एक पट्टी घेऊन आला. ४ मिमी जाड, ४० मिमी रुंद, अर्धा मीटर लांब, वजन सव्वासहाशे ग्रॅम. गावाकडच्या लोहारदादांनी ती हातात तोलून बघितली आणि म्हणाले, "साहेब, पाटा काय वाईट होता?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देता येत नसेल तर पट्टी घेऊच नये. मी ते उत्तर कसं शोधतो, ते पायरीपायरीने सांगतो. माझा सगळा हिशेब एकाच गोष्टीवर उभा आहे: पोलाद त्याच्या नावावरून निवडायचं नाही, आपल्या भट्टीवरून निवडायचं.

पायरी १: सुरी काय कापणार, कुणाच्या हातात जाणार

पातं तीन तऱ्हांनी दगा देतं. धार झिजते, धारेचे टवके उडतात किंवा पातं गंजतं. तिन्हींवर एकदम उत्तर असलेलं पोलाद नाही. झीज कमी करायला गेलात की टवके उडायची भीती वाढते. गंज टाळायला क्रोमियम वाढवलंत की भट्टीचं तापमान वर जातं आणि काम घराबाहेर पडतं.

म्हणून आधी कागदावर लिहा. काय कापायचं? कांदा-कोथिंबीर की नारळ, की मटणाची हाडं? कशावर? लाकडी पाटावर की स्टीलच्या ताटात? (ताटात असेल तर महागडं पोलाद विसरा, कुठलीच धार टिकणार नाही.) धार कोण लावणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, धुणार कोण? आमच्याकडे मावशींच्या हातात तारेची घासणी असते आणि सुरी धुऊन झाली की ओट्यावर ओलीच राहते. पुण्यात हे चालून जातं. कोकणात जुलै महिन्यात कार्बन पोलादाची सुरी तशी ठेवलीत तर सकाळी तिच्यावर तांबूस बुरा दिसेल. कैरी किंवा कोकम चिरलं की असं पातं काळं पडतं. जुनी विळी पडायची तसंच. ज्याला ते चालत नाही त्याच्यासाठी १.२५१९ नाही.

माझा कागद असा होता: भाजी आणि मासे, लाकडी पाट, धार मी लावणार, धुणार मीच. धार पातळ हवी आणि बरेच दिवस टिकायला हवी. हाडं नाहीत.

पायरी २: नाव उलगडा

जर्मन नावं वाचायला सोपी आहेत. १.२५१९ चं दुसरं नाव ११०डब्ल्यूसीआरव्ही५. पहिल्या आकड्याला १०० ने भागायचं, कार्बन मिळतो: १.१० टक्के. पुढची अक्षरं टंगस्टन, क्रोमियम, व्हॅनेडियम. शेवटच्या ५ ला ४ ने भागायचं, म्हणजे पहिल्या धातूचं, टंगस्टनचं प्रमाण येतं, साधारण सव्वा टक्का. ९०एमएनसीआरव्ही८ असं दिसलं तर ०.९० कार्बन आणि २ टक्के मँगनीज. हे दुसरं आपल्या ओएचएनएसचं सख्खं भावंड. ईएन३१ मधल्या ३१ मध्ये मात्र असं काही दडलेलं नाही, तो नुसता अनुक्रमांक आहे.

आता त्या आकड्यांचा अर्थ. पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम गार केल्यावर, पोलाद कडक होतं ते कार्बनमुळे, पण कडकपणासाठी साधारण ०.६ ते ०.७ टक्के कार्बन पुरतो. त्याच्या वरचा कार्बन दुसऱ्या धातूंना किंवा लोखंडालाच धरून कार्बाइडचे बारीक, फार कठीण कण बनवतो. सिमेंटात वाळू असावी तसे ते पोलादात पसरलेले असतात आणि झीज अडवतात. लोखंडाचं कार्बाइड सगळ्यात मऊ. क्रोमियम आणि टंगस्टनची त्याहून कठीण. व्हॅनेडियमचं सगळ्यांच्या वर, इतकं की नेहमीच्या अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या सहाणेपेक्षाही कठीण. ३ टक्क्यांच्या वर व्हॅनेडियम असलेली सुरी घरच्या सहाणेवर घासलीत तर सहाण झिजते. तिला हिऱ्याची प्लेट लागते. तेही आत्ताच कागदावर लिहून ठेवा.

पण पाव टक्का व्हॅनेडियम म्हणजे वेगळीच गोष्ट. ते भट्टीत पोलादाचा स्वतःचा कण, म्हणजे ज्या बारीक स्फटिकांचं ते बनलेलं असतं तो, मोठा होऊ देत नाही. थोडं जास्त तापलं, थोडा वेळ जास्त राहिलं, तरी सांभाळून घेतं. घरगुती भट्टीवाल्याला याहून मोठा आधार नाही.

१.२५१९ मध्ये १.१० कार्बन, सव्वा-सव्वा टक्क्याच्या आसपास टंगस्टन आणि क्रोमियम, आणि जेमतेम ०.२ व्हॅनेडियम. जपानमधल्या यासुगीला बनणारं आओगामी, म्हणजे ज्याच्या पट्ट्या निळ्या कागदात गुंडाळून येतात म्हणून ज्याला 'निळा कागद' म्हणतात ते पोलाद, याच गोत्रातलं. लोहारदादांना मी हेच सांगितलं की पाट्यात कार्बन अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या आत असतो. तो वाकेल पण तुटणार नाही, म्हणून कोयत्याला बेस्ट. मला वाकणारं नको, पातळ धारेवर उभं राहणारं हवंय.

पायरी ३: आता भट्टी बघा

बहुतेक लोक इथे चुकतात. मीही चुकलो होतो, म्हणून जरा थांबतो.

तुमच्याकडे कोळशाची किंवा गॅसची भट्टी, एक लोहचुंबक आणि डोळे एवढंच असेल, तर ८३० अंश सेल्सियसच्या आत पाणी घेणारी पोलादं तुमची: ८०सीआरव्ही२, डब्ल्यू२, जमल्यास ओएचएनएस. कंट्रोलर लावलेली विजेची भट्टी असेल आणि ती ११०० पर्यंत जात असेल तर ए२ आणि डी२ तुमच्या आवाक्यात येतात. ए२ ला ९५० ते ९७० लागतात, डी२ ला हजाराच्या वर, आणि दोन्ही हवेतच कडक होतात. (टंगस्टन घातलेलं, हवेत आपोआप कडक होणारं पोलाद इंग्लंडात रॉबर्ट मुशेटने १८६८ सालीच केलं होतं. त्यामुळे 'एअर हार्डनिंग' ही कुणाची कालपरवाची करामत समजू नका.) इतक्या तापमानाला मात्र पात्याच्या पृष्ठभागातला कार्बन जळून जातो. त्यासाठी ते स्टेनलेसच्या फॉइलमध्ये बंद करावं लागतं. त्याच्याही पुढे एम२ सारखं हायस्पीड, म्हणजे यंत्रांच्या कटरांचं पोलाद. त्याला १२०० च्या आसपास तापवून ५५० ला तीनदा टेम्पर करायचं, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेताने तापवायचं. ते घरी होत नाही, व्हॅक्यूम हार्डनिंगवाल्याकडेच द्यावं लागतं.

भोसरी-चाकणकडे असे हीट ट्रीटमेंटवाले भरपूर आहेत, पण त्यांचं रोजचं गिऱ्हाईक डाय आणि पंच घेऊन येतं. डी२ चं पातं दिलंत आणि काही बोलला नाहीत तर ते डायच्या सवयीने ५०० अंशांच्या वर टेम्पर करून देतील. एचआरसीचा, म्हणजे कडकपणाचा, आकडा बरोबर येईल, पण सुरीला लागणारा चिवटपणा आणि गंजाला होणारा थोडाफार विरोध, दोन्ही कमी झालेलं असेल. चलनावरच लिहून द्या: "५९ ते ६१ एचआरसी, टेम्परिंग २०० अंश, दोनदा. पातं भोकातून उभं टांगावं. ठोकून सरळ करू नये."

१.२५१९ ला ८०० ते ८३० अंश आणि तेल. पण एवढ्यावर भागत नाही. टंगस्टनची कार्बाइडं विरघळायला वेळ घेतात, त्यामुळे त्या तापमानाला पाच-दहा मिनिटं स्थिर राहता आलं पाहिजे. लोहचुंबक ७७० अंशांना चिकटायचा थांबतो. तिथून पुढचे ४५ अंश डोळ्यांनी मोजणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. यावर एक जुनी युक्ती आहे. साधं मीठ ८०१ अंशांना वितळतं. पात्याच्या मानेवर कोरड्या मिठाचे चार खडे ठेवायचे. ते घाम फुटल्यासारखे ओले दिसले की ८०० पार झाले. मीठ ओलं असेल तर तडतडून उडतं, म्हणून आधी तव्यावर भाजून घ्या, आणि काम झाल्यावर पातं गरम पाण्याने धुवा, नाहीतर तेच मीठ गंज आणेल. कंट्रोलरच्या भट्टीतही मी एकदा मीठ ठेवून बघतो. माझा थर्मोकपल (भट्टीतलं तापमान मोजणारी तार) १२ अंश जास्त दाखवतो हे मला मिठाने सांगितलं.

पायरी ४: घेताना माल ओळखा

एका दुकानातून मी 'डी२' म्हणून पट्टी घेतली होती. टोकाला रंगही लावलेला होता. सुरी झाली, धार लागली आणि दुसऱ्याच आठवड्यात धारेचे मीठ सांडल्यासारखे टवके उडायला लागले. तुकडा स्पेक्ट्रोला, म्हणजे पोलादातले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, दिला. कार्बन २ टक्क्यांच्या वर, मॉलिब्डेनम जवळपास नाहीच. म्हणजे डी३. बाजारात दोन्ही 'एचसीएचसी' (हाय कार्बन, हाय क्रोमियम) म्हणूनच विकतात, त्यामुळे दुकानदाराने फसवलंच असं मी म्हणणार नाही. मी विचारलं नव्हतं. दाबाच्या डायला डी३ उत्तम, पण पातळ धारेला त्याची कार्बाइडं फार मोठी पडतात.

तेव्हापासूनचा नियम असा की टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (पोलादाच्या ओतणीचा क्रमांक) आणि पट्टीवर ठोकलेला नंबर जुळतो का ते बघायचं. जुळत नसेल तर ठिणगीवाला स्पेक्ट्रो करून घ्यायचा. कुणी पिस्तुलासारखं एक्स-रे यंत्र पट्टीला टेकवून दोन सेकंदांत रिपोर्ट देत असेल तर लक्षात ठेवा, ते यंत्र क्रोमियम, टंगस्टन सगळं सांगतं, कार्बन सांगत नाही. आणि सुरीवाल्याला सगळ्यात आधी कार्बनच हवा.

घरच्या घरी ग्राइंडरवर ठिणग्या बघता येतात. पाट्याच्या ठिणग्या लांब, पिवळ्या, टोकाशी फुटणाऱ्या. टंगस्टन आलं की त्या आखूड आणि लालसर होतात, फुलबाजी कमी होते. एम२ च्या तर गडद लाल, तुटक, जवळजवळ न फुटणाऱ्या. एकट्या पट्टीच्या ठिणग्या बघून काही कळत नाही. शेजारी माहितीच्या पोलादाचा तुकडा धरायचा आणि दोन्ही आलटून पालटून टेकवायचे. अंधारात, मागे काळा कपडा लावून.

आणखी एक. पट्टी काळी, म्हणजे हॉट रोल्ड असेल तर वरच्या थरातला कार्बन गेलेला असतो. दोन्ही बाजूंनी अर्धा मिमी काढूनच पुढचं बोला. ४ मिमीची पट्टी मग ३ ची राहते. तेवढी जाडी धरूनच घ्या.

पायरी ५: तुकडा तोडून बघा

अनोळखी पोलादाची थेट सुरी करायची नाही. आधी २५ मिमीचे तीन तुकडे कापायचे. मी कापले आणि एक ८००, दुसरा ८१५, तिसरा ८४५ अंशांना दहा-दहा मिनिटं ठेवून तेलात टाकला. तिसरा मुद्दाम वर नेला. चूक कशी दिसते ते माहीत हवं.

मग प्रत्येक तुकडा जाड कापडात गुंडाळून, अर्धा व्हाइसमध्ये धरून हातोडीने मोडायचा. गॉगल घाला, कडक पोलाद काचेसारखं उडतं. मोडीची बाजू उन्हात धरा. ८१५ चा तुकडा करडा, मऊसूत दिसला, मोडलेल्या चिनी मातीच्या कपासारखा. ८०० चाही तसाच, पण नवी कानस त्याच्यावर जरा धरत होती. ८१५ वाल्यावरून ती काचेवरून घसरावी तशी घसरली. ८४५ चा तुकडा मात्र चमचमत होता, बारीक रव्यासारखा. कण वाढला होता.

तुम्हाला वाटेल की जास्त तापवलं म्हणजे निदान जास्त कडक तरी झालं असेल. उलट होतं. १.१० टक्के कार्बनच्या पोलादात तापमान चढलं की गरजेपेक्षा जास्त कार्बन विरघळतो आणि थंड झाल्यावर काही भाग बदलायचाच राहतो, मऊचा मऊ. म्हणजे पातं ठिसूळही आणि वर कमी कडकही. हातचं गेलं आणि पळतंही गेलं.

पायरी ६: घडवणं आणि पाणी

घडाईबद्दल थोडक्यात. पहिल्या खेपेला ऐरणीवर जाऊ नका. पट्टी कारखान्यातून मऊ, एकसारखी होऊन आलेली असते. ठोकलीत की ती पुन्हा तशी करायची जबाबदारी तुमची. कापून, घासूनच आकार द्या. भोकं आताच पाडा. धार १ मिमी जाड ठेवा आणि मानेपाशी काटकोन सोडू नका, तिथूनच तडा जातो.

पाणी देताना, म्हणजे इथे तेल, माझा क्रम असा: तेल ५५ अंशांना गरम (थंड तेल दाट असतं, पात्याला हळू थंड करतं). शेंगदाणा तेल चालतं, वास मात्र दिवसभर वड्यांचा येतो. झाकण असलेला धातूचा उभा डबा, आणि तेल पेटलंच तर म्हणून शेजारी पाण्याची बादली नाही, वाळूची. पातं ८१५ ला आठ मिनिटं, मग टोकाकडून सरळ तेलात. आत गेल्यावर पाठ-धार या दिशेने हलवायचं. डावी-उजवीकडे हलवलंत की वाकलंच. दहा-बारा सेकंदांनी बाहेर काढून नजरेने सरळ बघायचं. पातं अजून दोनशेच्या वर असेल तर जाड हातमोज्यांनी बाक काढता येतो, तो वेळ अर्ध्या मिनिटाहून जास्त नसतो. गार झाल्यावर प्रयत्न केलात तर हातात दोन तुकडे येतील.

तासाभरात टेम्परिंग. घरातला ओटीजी चालतो, पण त्याच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आत ओव्हनचा थर्मामीटर ठेवा आणि पातं वाळूच्या ट्रेमध्ये अर्धं पुरा, म्हणजे कॉइल चालू-बंद होण्याचे झटके लागत नाहीत. १९० अंश, दोन तास, गार, पुन्हा दोन तास. घासून चकचकीत केलेल्या भागावर वाळल्या गवताचा फिकट पिवळा रंग येतो. माझा नमुन्याचा तुकडा याच टेम्परिंगनंतर ६२ ते ६३ एचआरसी आला. ओएचएनएसला मी असंच करतो तेव्हा ६० ते ६१ मिळतात.

यानंतर ग्राइंडिंग उघड्या हातांनी. बोटांना चटका बसला की पातं पाण्याच्या बादलीत. धारेवर निळा रंग दिसला तर तेवढा भाग मेला, घासून काढून टाका. अपवाद एम२ चा. पॉवर हॅक्सॉच्या संपूर्ण हायस्पीडच्या पात्यापासून सुरी काढणारे बरेच आहेत. तिथे हार्डनिंग करायचंच नसतं, आणि रंग बदलला तरी पाचशेपर्यंत त्याचं पाणी उतरत नाही. घरी भट्टीच नसेल तर अनवट पोलादाचा तो सगळ्यात स्वस्त रस्ता. फक्त पातं बायमेटल नाही ना ते बघा. त्यात हायस्पीडची फक्त दातांपुरती पट्टी असते आणि दात घासून काढल्यावर उरतं ते पाठीचं मऊ पोलाद.

पायरी ७: सुरीला विचारा

धारेच्या मागे जाडी ०.३ मिमी, दोन्ही बाजूंनी १५ अंश. मग ६ मिमीची पितळी सळई व्हाइसमध्ये आडवी धरायची आणि धार तिच्यावर हलक्या दाबाने, अंगचा कोन ठेवून, सरकवायची. उजेडात बघितलं तर धार सळईवर किंचित फुगून पुढे सरकताना दिसते आणि परत जागेवर येते. तशीच वाकलेली राहिली तर मऊ, तुटली तर ठिसूळ. तुटली तर सुरी फेकू नका, टेम्परिंग १० अंश वाढवून परत बघा. मऊ निघाली तर मात्र पुन्हा भट्टी.

त्यानंतर काथ्याचा सुंभ. लाकडावर ठेवून एका दाबात कापायचा आणि मोजत जायचं. दर वीस कापांनी वर्तमानपत्राचा कागद चिरून बघायचा. शेजारी त्याच जाडीची, त्याच कोनाची ओएचएनएसची सुरी हवीच, नाहीतर मोजणी कशाशी लावणार? माझ्या दोन सुऱ्यांत ओएचएनएसची आधी कागदावर अडखळली आणि जर्मनवाली बरीच पुढे गेली. पण स्वयंपाकघरात फरक दिसायला तीन आठवडे लागले. हाडाला ती लावलेली नाही आणि लावणारही नाही.

विकायचा विचार असेल तर शस्त्र नियम एकदा वाचून घ्या. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं घरगुती किंवा शेतीच्या कामाचं नसेल तर त्याला परवाना लागतो.

पट्टी कापताना नेहमी नंबर नसलेल्या टोकाकडून कापत जा. माझ्या पट्टीतून सुरी आणि तुकडे जाऊन १४ सेंटिमीटर उरलं. त्यातून सोलायची छोटी सुरी होईल. शेवटच्या ४ सेंटिमीटरवर '२५१९' पंचने ठोकून तो तुकडा ग्राइंडरशेजारच्या खिळ्याला टांगला आहे, ईएन३१ आणि त्या डी३ च्या तुकड्यांसोबत. पुढच्या पट्टीच्या ठिणग्या बघताना शेजारी धरायला.